विडंबनातून जन्मलेले धर्म श्रद्धेबद्दल काही खरं सांगतात का?

वाघबीळकर

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या सोसायटीतल्या कॉलेजच्या मुलांनी यंदा गणपतीच्या कार्यक्रमात त्यावरच एक नाटुकलं बसवलं. पुठ्ठ्याचा मोठा टँकर, त्याला झेंडूची माळ, पुढे रिकाम्या कळश्या. देवाचं नाव 'टँकरेश्वर'. त्याला नवस बोलायचा, आंघोळीचा उपास धरायचा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून त्याची आरती म्हणायची, आपल्या रोजच्या आरतीच्या चालीवर. लोक खूप हसले. दुसऱ्या दिवशी मात्र काही ज्येष्ठांचं कमिटीकडे पत्र आलं: देवाची थट्टा झाली आहे, मुलांनी लेखी माफी मागावी. लिहिणाऱ्या मुलांत माझी मुलगी होती. तिचं म्हणणं, आम्ही देवाची थट्टा केलीच नाही, पाण्यासाठी पाठपुरावा करायचं सोडून हात जोडून बसणाऱ्या मोठ्या माणसांची केली.

या निमित्ताने मी विडंबन-धर्मांबद्दल बरंच वाचलं आणि माझं मत पक्कं होत गेलं, म्हणून हा धागा.

सगळ्यांत गाजलेला प्रकार अमेरिकेतला. २००५ साली कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळात वाद चालला होता. उत्क्रांतीच्या जोडीला 'इंटेलिजंट डिझाइन' म्हणजे कुणा बुद्धिमान शक्तीने जीवसृष्टी घडवली, हा विचार विज्ञानाच्या वर्गात आणायचा का? बॉबी हेंडरसन या भौतिकशास्त्राच्या तरुण पदवीधराने मंडळाला खुलं पत्र लिहिलं. सृष्टी उडत्या स्पॅगेटी राक्षसाने निर्माण केली अशी माझी श्रद्धा आहे, तेव्हा विज्ञानाच्या तासात तिलाही तेवढाच वेळ द्या. पत्रात एक आलेखही होता: समुद्री चाचे कमी होत गेले तसतसं पृथ्वीचं तापमान वाढत गेलं, म्हणजे चाचे कमी झाल्यामुळेच ते वाढलं! या पत्रातूनच पुढे 'चर्च ऑफ द फ्लाइंग स्पॅगेटी मॉन्स्टर' हा विडंबन-धर्म उभा राहिला. त्याचे अनुयायी स्वतःला 'पास्ताफेरियन' म्हणवतात आणि पास्ता गाळायची चाळणी डोक्यावर घालतात. मंडळाने नोव्हेंबर २००५ मध्ये उत्क्रांतीवर शंका घेणारे निकष ६ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केले. निवडणुकीनंतर मंडळ बदललं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तेच निकष पुन्हा ६ विरुद्ध ४ मतांनीच रद्द झाले. मधल्या काळात, २० डिसेंबर २००५ रोजी, पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्यात न्यायाधीश जॉन जोन्स यांनी इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही असा सविस्तर निकाल दिला. तो निकाल शास्त्रज्ञांच्या साक्षींवर उभा होता, विनोदावर नाही. हे मुद्दाम सांगते, कारण विडंबनाने लढाई जिंकली असं अनेकदा लिहिलं जातं आणि ते खरं नाही.

तरीही ते पत्र मला महत्त्वाचं वाटतं. देव आहे की नाही या प्रश्नाला ते हातच लावत नाही. त्याचा प्रश्न वेगळा आहे: 'ही माझी श्रद्धा आहे' एवढं म्हटल्यावर जर शाळेचा तास मिळत असेल, तर तो कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे तुम्ही कोणत्या कसोटीवर ठरवणार? या प्रश्नाला मंडळाला सरळ उत्तर देता येत नव्हतं, आणि ते देता येत नाही हे दाखवण्यापुरतं विडंबन खरं बोललं. माझ्या मते ते तेवढंच बोलू शकतं, पण तेवढंही थोडं नाही.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतं जरूर लिहा.


ऐरोलीकर

सहमत. याच्याही आधी, १९५२ मध्ये, ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी किटलीचं उदाहरण दिलं होतं. पृथ्वी आणि मंगळ यांच्या दरम्यान एक चिनीमातीची किटली सूर्याभोवती फिरते आहे, ती इतकी लहान की कोणत्याही दुर्बिणीतून दिसणार नाही, असं मी म्हटलं आणि वर 'नाही हे सिद्ध करा' असं तुम्हालाच सांगितलं, तर तुम्ही ऐकाल का? दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा, ही गोष्ट एवढ्या सोप्या रीतीने दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. चाच्यांचा आलेखही तसाच. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी तो दाखवून ऑफिसातल्या नव्या मुलांना शिकवतो आणि ते त्यांच्या लक्षात राहतं.


नेरूळवासी

वाघबीळकर ताई, मुलांवर माझा राग नाही आणि लेखी माफी वगैरे मागणं मला जास्तच वाटतं. पण तुमच्या म्हणण्यातली एक गोष्ट मला पटत नाही.

माझ्या वडिलांची वाचा शेवटच्या दिवसांत गेली होती. संध्याकाळी घरात आरती सुरू झाली की ते पलंगाच्या कडेवर बोटांनी ताल धरायचे. त्यांचं तेवढंच बोलणं उरलं होतं. आता ती चाल टँकरसाठी ऐकली तर माझ्या पोटात तुटेल, आणि तुमची मुलगी कितीही समजावून सांगो की रोख देवावर नव्हता, ते तुटायचं थांबणार नाही. पत्र लिहिणाऱ्या ज्येष्ठांपैकी कुणाचं काय असेल ते आपल्याला ठाऊक नाही.

कॅन्ससमध्ये शाळेच्या पुस्तकाचा प्रश्न होता, तिथे ते पत्र मला मान्य आहे. पण पुस्तकाचा प्रश्न मिटल्यावरही लोक डोक्यावर चाळणी घालून फोटो काढतात, नूडल्सची प्रार्थना म्हणतात. तिथे रोख कुणावर असतो? सामान्य श्रद्धाळू माणसावरच ना? आणि किटलीबद्दल म्हणाल तर, अंगारकीला टिटवाळ्याला रात्रभर रांगेत उभी राहणारी बाई खगोलशास्त्राचा दावा करायला जात नाही. तिच्या मुलाचं ऑपरेशन असतं. तिला कुणासमोर काही सिद्ध करायचं नसतं, कुणीतरी सोबत आहे एवढं तिला वाटायला हवं असतं. किटली तिला ते देत नाही. त्यामुळे किटली आणि गणपती एका तराजूत घालणाऱ्याला श्रद्धा कळलेलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.


खारघर_दहा

नेरूळवासी, +१. पोटात तुटेल हे अगदी खरं.


चेंदणीचा वकील

मी ठाण्याच्या कोर्टात वकिली करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने लिहितो. हा प्रश्न खरोखरच न्यायालयांपुढे गेलेला आहे आणि त्यातून विडंबनाचं बळही दिसतं, मर्यादाही.

ऑस्ट्रियात निको आल्म यांनी डोक्यावर पास्ता गाळायची चाळणी घातलेला फोटो २०११ मध्ये वाहन परवान्यावर मिळवला. बातमी जगभर 'धर्म म्हणून मान्यता' अशी गेली. प्रत्यक्षात तिथल्या पोलिसांचं म्हणणं एवढंच होतं की चेहरा पूर्ण दिसतो आहे, त्यामुळे फोटो चालतो. धर्माचा प्रश्न त्यांनी विचारातच घेतला नाही. नेदरलँड्समध्ये मात्र सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने ऑगस्ट २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की यात धर्माला लागणारं गांभीर्य आणि सुसंगती नाही. प्रकरण युरोपियन मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये तिथेही अर्ज दाखल करून घेतला गेला नाही. अमेरिकेत नेब्रास्काच्या तुरुंगातल्या एका कैद्याने पास्ताफेरियन म्हणून चाच्याचा पोशाख मागितला. २०१६ मध्ये न्यायाधीश जॉन जेरार्ड यांनी तो नाकारला. हे विज्ञान आणि शिक्षणातलं धर्माचं स्थान यांवर मुद्दा मांडणारं विडंबन आहे, धर्म नव्हे, असं त्यांनी लिहिलं. न्यूझीलंडने उलटा रस्ता धरला. त्यांनी २०१५ मध्ये या चर्चला लग्नं लावायची परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी अकारोआला जहाजावर पहिलं लग्न लागलंसुद्धा.

यात न्यायाधीशांची खरी अडचण अशी की एखादी शिकवण हास्यास्पद आहे असं म्हणून त्यांना दार बंद करता येत नाही. प्रत्येक धर्मातलं काही ना काही दुसऱ्याला हास्यास्पद वाटतंच. म्हणून ते माणसाचा मनापासूनपणा तपासतात. आता दुसऱ्याचा मनापासूनपणा सरकारने तपासावा, हेही भयंकरच आहे. विडंबन-धर्मांनी केलेलं सर्वांत मोठं काम मला हे वाटतं: त्यांनी सरकारला या कोपऱ्यात उभं केलं.

आपल्याकडेही हा पेच आहे. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून धर्माचा 'अत्यावश्यक भाग' कोणता हे न्यायालयं ठरवत आली आहेत. १९८२ च्या मित्तल खटल्यात तर अरविंदांची शिकवण हा धर्म आहे का, यावर सर्वोच्च न्यायालयात खल झाला आणि बहुमत 'नाही' या बाजूला गेलं. तिथे तर विडंबनाचा लवलेशही नव्हता.

आता ताईंच्या सोसायटीबद्दल. जुन्या दंड संहितेत १९२७ मध्ये घातलेलं कलम २९५अ आता भारतीय न्याय संहितेत २९९ झालं आहे. त्यात 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने' धर्माचा अवमान लागतो. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवलं तेही याच शब्दांवर बोट ठेवून. टँकरची आरती त्यात बसत नाही. पण कलम न बसताही तक्रार होऊ शकते, आणि तक्रार झाली की निकाल लागेपर्यंतच्या फेऱ्या हीच शिक्षा होते. २०१२ मध्ये विलेपार्ल्याच्या इर्ला भागातल्या चर्चमध्ये क्रूसावरच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल इडामरुकू यांनी ते सांडपाण्याच्या नळीचं पाणी भिंतीतून झिरपत आल्याचं दाखवून दिलं, तर त्यांच्यावर तक्रारी झाल्या. ते फिनलंडला गेले. तिथे विडंबन नव्हतं, साधं प्लंबिंग होतं.


कळवेकरीण

आमचं हरिपाठाचं मंडळ आहे, मी भारूडंही करते. तुम्ही सगळे कॅन्सस आणि नेदरलँड्सला गेलात, जरा पैठणला या.

नाथांचं रोडग्याचं भारूड सगळ्यांनी ऐकलेलं असतं. सासुरवाशीण भवानीला नवस बोलते. सासरा जाऊ दे, सासू जाऊ दे, जाऊ बोडकी होऊ दे, नवराही जाऊ दे, मला एकटीला राहू दे, मग तुला रोडगा वाहीन. हे नवसाचं विडंबन नाही तर काय आहे? देवीशी सौदा करणारी माणसं किती खाली उतरतात ते सोळाव्या शतकात नाथांनी चारचौघांत उभं राहून दाखवलं, तेही देवीचंच नाव घेऊन, गोंधळाच्याच ढंगात. मी ते करते तेव्हा पहिल्या दोन कडव्यांना बायका पोट धरून हसतात. मग मी अर्थ उलगडते, की सासू-सासरे म्हणजे आपले विकार आणि एकटं राहणं म्हणजे मोकळं होणं. तेव्हा त्याच बायका गप्प होतात. हसणं खोटं नसतं आणि गप्प होणंही खोटं नसतं.

तुकोबांनी तर सरळ विचारलं, नवसाने मुलं होत असतील तर नवरा कशाला करायचा? यापेक्षा रोखठोक रसेलसाहेबांनी काय विचारलं? गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरं काढायचे. बोकड मारून देव पावतो का, कर्ज काढून सण करावा का. लोक हसायचे, स्वतःलाच हसायचे.

नेरूळवासी दादा, तुमच्या वडिलांचं वाचून मला भरून आलं. तरी सांगते, चाल वापरली म्हणून देव दुखावत नाही. नाथांनी सगळ्या चाली वापरल्या: जोगवा, गोंधळ, वासुदेव. फरक मला दुसरीकडे दिसतो. नाथ हसवून झाल्यावर उठून गेले नाहीत. त्यांनी हसवलेल्यांच्या पंगतीत बसून खाल्लं. चाळणीवाल्यांचं मला एवढंच खटकतं की त्यांना कुणाच्या पंगतीत बसायचं नसतं. आणि ताई, तुमची मुलं त्या अर्थाने नाथांच्या बाजूची आहेत. ती त्याच सोसायटीत राहतात, त्याच टँकरचं पाणी भरतात, गणपतीपुढे बसूनच त्यांनी ते नाटुकलं केलं.


नौपाड्याचे गुरुजी

कळवेकरीणबाईंनी परंपरा सांगितली ती आतून सुधारणा करणाऱ्यांची. पण महाराष्ट्रात बाहेर पडून बोलणाऱ्यांचीही एक मोठी वाट आहे, तिच्याशिवाय हा विषय अपुरा राहील. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली. त्यात मत्स्य, कच्छ, वराह या अवतारकथांची संवादातून जी उलटतपासणी आहे ती नाथांसारखी सौम्य नाही. ती बोचरी आहे आणि तशीच असायला हवी होती, कारण त्या कथांच्या आधारावर माणसांना विहिरीवर पाणी नाकारलं जात होतं. ज्याला पंगतीत बसूच दिलं नाही, त्याने पंगतीत बसून हसवावं अशी अपेक्षा कशी करायची?

मात्र फुले तिथे थांबले नाहीत. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. वधू-वर एकमेकांना वचन देतात असा नवा विधी त्यांनी घडवला. आयुष्याच्या शेवटी त्यांनी सार्वजनिक सत्य धर्मावर पुस्तक लिहिलं आणि त्यात निर्मिक म्हणजे सृष्टीचा निर्माता मानला. जुनं मोडायचं तर लोकांना जन्म, लग्न, मृत्यू या वेळी धरायला काहीतरी लागतं, हे त्यांना नेमकं कळलं होतं. वकीलसाहेबांनी न्यूझीलंडच्या लग्नाचं सांगितलं तेव्हा मला हेच आठवलं. गंमत म्हणून सुरू झालेल्या पंथालाही शेवटी लग्न लावावंसं वाटलं. नेरूळवासींच्या टिटवाळ्याच्या रांगेतल्या बाईला उत्तर द्यायचं असेल तर ते इथून सुरू होतं.


खारघर_दहा

आपल्या इमारतींचे जिने बघा. पान खाऊन थुंकू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावलेल्या असतात. गणपती, साईबाबा, शेजारी क्रूस, त्याच्या शेजारी मक्केचं चित्र. वाशी स्टेशनजवळच्या ऑफिस इमारतींपासून आमच्या सेक्टरपर्यंत सगळीकडे. मला कोणत्याही विडंबनापेक्षा हे जास्त लागतं. थुंकीच्या उंचीवर देव लावताना कुणाच्याही भावना दुखावत नाहीत, त्याबद्दल कुठल्याही कमिटीला पत्र जात नाही. आणि ते लावणारा माणूस नास्तिक नसतो, तो रोज देवपूजा करणारा सेक्रेटरी असतो.

दुसरं, आपल्या देशात विडंबन कुठे संपतं आणि श्रद्धा कुठे सुरू होते ते बाहेरून कळतच नाही. राजस्थानात पालीजवळ ओम बन्नांचं स्थान आहे, तिथे अपघातात गेलेल्या माणसाची बुलेट मोटरसायकल पुजली जाते. ड्रायव्हर तिथे मनापासून थांबतात. उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या बांका गावात चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये इंग्रजीदेवीच्या देवळाचं काम सुरू झालं. हातात लेखणी आणि संविधान, पायाखाली संगणक. दलित मुलांनी इंग्रजी शिकावं म्हणून घडवलेली देवी! तिला विडंबन म्हणायचं की धर्म? मी तरी तिला थट्टा म्हणणार नाही.


नेरूळवासी

टाइल्सचं मान्य. आमच्याही जिन्यात आहेत, पुढच्या मीटिंगला मी काढायला सांगणार आहे.

गुरुजी आणि ताईंनी लिहिलेलं पटलं, पण त्यातूनच माझा एक प्रश्न उभा राहतो. फुले ज्यांच्यावर हसले ते ताकदवान होते. हेंडरसन ज्यांच्यावर हसला ते राज्याचं शिक्षण मंडळ होतं. आता ठाण्यातच बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग आहे, १८७९ चं. बहुतेक माणसं इस्रायलला गेली, थोडी इथे राहिली. त्यांच्या प्रार्थनेचं विडंबन कॉलेजच्या मुलांनी केलं तर? ज्या समाजाकडे ना शाळेचा तास आहे ना रस्त्यावरचा मंडप, त्याच्या श्रद्धेवर हसून कोणता मुद्दा सिद्ध होतो?


वाघबीळकर

कोणताच नाही. माझं उत्तर सरळ 'करू नये' असं आहे. मी वर जी कसोटी म्हटली ती इथे लागू पडते: श्रद्धेच्या नावावर काही मागितलं जातंय का? सगळ्यांच्या खिशातून, सगळ्यांच्या रस्त्यावर, सगळ्यांच्या मुलांच्या पुस्तकात? जिथे असं काही मागितलं जात नाही तिथे विडंबनाला बोलायला जागाच नाही, तिथे उरते ती फक्त टवाळी. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ ला सार्वजनिक जागेवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं होऊ देऊ नका असा आदेश दिला. त्यानंतरही फूटपाथवर शेंदूर लावलेला दगड उगवतो आणि वर्षभरात त्याला पत्र्याची शेड येते. त्या शेडवर कुणी नाटुकलं लिहिलं तर मी पहिल्या रांगेत बसेन. सिनेगॉगमधल्या प्रार्थनेवर किंवा तुमच्या वडिलांच्या बोटांवर लिहिलं तर उठून जाईन.

चालीबद्दल मी मुलीशी बोलले. ती म्हणाली, नेरूळच्या काकांचं वाचून वाईट वाटलं, पण पुन्हा केलं तरी तीच चाल घेईन, कारण दुसऱ्या चालीवर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, स्वतःकडे बघितलं नसतं. तिचं हे म्हणणं मला पटतं. तुम्हाला लागलं, हेही खरं आहे. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता येत नाही आणि ओढूनताणून घालणारही नाही.


ऐरोलीकर

वकीलसाहेबांना एक व्यावहारिक प्रश्न. मुलीचा शाळेचा प्रवेश आहे. आम्ही दोघंही कोणताच धर्म पाळत नाही. फॉर्ममध्ये 'धर्म' रकाना आहे, तिथे निषेध म्हणून पास्ताफेरियन लिहावं असं मनात आहे. इंग्लंड-वेल्समध्ये २००१ च्या जनगणनेत ३,९०,१२७ लोकांनी आपला धर्म 'जेडाय' (स्टार वॉर्स सिनेमांतला काल्पनिक पंथ) लिहिला होताच की.


चेंदणीचा वकील

लिहू नका असं सुचवेन. इंग्लंडमध्ये तो रकाना भरणं ऐच्छिक होतं. आकडा मोठा दिसला तरी २०११ मध्ये तो १,७६,६३२ वर आला, आणि २०१६ मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने जेडाय संस्थेची नोंदणीही नाकारली. आपल्याकडे तुमच्यासाठी याहून पक्का आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये डॉ. रणजित मोहिते यांच्या याचिकेवर निकाल दिला आहे. कोणालाही धर्म जाहीर करायची सक्ती सरकार करू शकत नाही आणि 'मी कोणत्याही धर्माचा नाही' असं म्हणायचा हक्क घटनेच्या कलम २५ मधूनच मिळतो, असं त्यात म्हटलं आहे. रकान्यात 'निधर्मी' लिहा. क्लार्क अडवू लागला तर निकालाची प्रत दाखवा, मी पाठवतो. पास्ताफेरियन लिहिलंत तर तो हसेल आणि दुसरा फॉर्म देईल. निधर्मी लिहिलंत तर त्याला तसंच नोंदवावं लागेल.